आकडी : कुत्र्याची आणि माणसाची

मुलांनो, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तुम्ही कधी सकाळी फिरायला गेला आहात का? अलिबाग घ्या, रेवदंडा घ्या, मुरूड घ्या, नाही तर श्रीवर्धन घ्या. सुरूच्या झाडांखाली, वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या आसपास कुत्री असायचीच.

समजा, त्यांतला एक कुत्रा चालता चालता थबकला. त्याचे पाय ताठ झाले आणि तो आडवा पडला. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. जबडा आवळलेला, तोंडाला फेस. मग चारही पाय पोहत असल्यासारखे जोरजोराने हलू लागले. भोवती माणसे जमली. एक जण म्हणाला, "पिसाळला!" दुसरा म्हणाला, "कोणी तरी विष घातलं." तिसरा म्हणाला, "बाधा झाली." चौथा काहीच न बोलता काठी शोधू लागला. दीड-दोन मिनिटे गेली. पायांची हालचाल मंदावली, थांबली. थोड्या वेळाने कुत्रा धडपडत उठला, भिंतीला अडखळला, आणि पाणी शोधत निघून गेला.

त्या दोन मिनिटांत काठी डोक्यात बसली असती तर? एका आजारी जनावराला आजाराबद्दल मरणाची शिक्षा मिळाली असती. म्हणूनच या आजाराची ओळख करून घेऊ या. ही ओळख कुत्र्यापुरती नाही. तुमच्या वर्गातल्या, गल्लीतल्या, कदाचित घरातल्याच माणसाच्याही ती उपयोगी पडेल. कारण कुत्र्याची आकडी आणि माणसाची आकडी ही एकाच कारखान्यातली बिघाडाची गोष्ट आहे. तो कारखाना म्हणजे मेंदू.

मेंदूत काय घडते?

मेंदू अब्जावधी चेतापेशींचा बनलेला असतो. या पेशी एकमेकींना अतिशय सौम्य विद्युतसंदेश पाठवतात. काही संदेश पुढच्या पेशीला "चल, कामाला लाग" असे सांगतात, तर काही "थांब, गप्प बस" असे सांगतात. या दोन प्रकारच्या संदेशांचा तोल सांभाळला जातो, म्हणून आपण चालतो, बोलतो आणि वेळेवर थांबतोही.

तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. मधल्या सुट्टीत प्रत्येक जण शेजाऱ्याशी काही तरी वेगळेच बोलत असतो. गलबला असतो, पण त्यात प्रत्येकाचे बोलणे चालू असते. आता एका बाकावरच्या मुलांनी एकाच ठेक्यात बाक बडवायला सुरुवात केली. शेजारच्या बाकांनी तोच ठेका धरला. पाहता पाहता सगळा वर्ग एका तालात बाक बडवू लागला. आता कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येत नाही. वर्ग बंद पडला नाही. उलट तो फार जोरात चालू आहे. पण त्याचे नेहमीचे काम मात्र थांबले आहे.

आकडीत नेमके हेच होते. पुष्कळ चेतापेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात, गरजेपेक्षा जास्त संदेश सोडू लागतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या भागात हे वादळ पोहोचले की हातपाय झटके देऊ लागतात. सर्व मेंदूत पसरले की शुद्ध हरपते. काही वेळाने "थांब" म्हणणारी यंत्रणा पुन्हा ताबा घेते आणि वादळ शमते. दमलेल्या मेंदूला पूर्ववत व्हायला मात्र वेळ लागतो. म्हणूनच आकडी संपल्यावर कुत्रा गोंधळलेला दिसतो, भिंतीला धडकतो, थोडा वेळ त्याला दिसतही नाही, किंवा तो अधाशासारखा खातो.

एकदा आकडी आली म्हणजे अपस्मार झाला असे मात्र नाही. ताप, विष, डोक्याला मार अशा कारणांनीही आकडी येते. तसे ताजे कारण नसताना आकड्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, तर त्या आजाराला अपस्मार म्हणतात. यालाच आपल्याकडे फेफरे, मिरगी किंवा नुसते "फिट येणे" असेही म्हणतात.

सर्वच आकड्या अशा धडाक्याच्या नसतात. वादळ मेंदूच्या एका कोपऱ्यातच राहिले, तर कुत्र्याचा एकच पाय किंवा गालाची एकच बाजू उडत राहते. एखादा कुत्रा नसलेल्या माशा पकडत असल्यासारखा हवेत तोंड मारतो. माणसांतही असे असते. एखादे मूल वाचता वाचता काही सेकंद शून्यात पाहते आणि मग काही झालेच नाही अशा तऱ्हेने पुढे वाचू लागते. गुरुजी म्हणतात, "लक्ष कुठे आहे?" असे दिवसातून अनेकदा होत असेल, तर त्या मुलाला ओरड्याची नव्हे, डॉक्टरांची गरज असते.

बकऱ्याने दिलेली साक्ष

हा आजार फार जुना. आपल्या प्राचीन वैद्यांनी त्याला दिलेले 'अपस्मार' हे नाव अगदी नेमके आहे. स्मर म्हणजे आठवण आणि अप म्हणजे दूर जाणे. चरकसंहितेत त्याचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांवर औषधेही दिली आहेत. रायगड जिल्ह्यातल्याच घारापुरीच्या लेण्यात नटराजाचे भव्य शिल्प आहे. त्याचा खालचा भाग आता भग्न झाला आहे. पण दक्षिणेतल्या नटराजाच्या कांस्यमूर्ती पाहिल्यात, तर त्याच्या पायाखाली एक बुटकी आकृती दिसेल. तिचेही नाव अपस्मारच.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात लोक अपस्माराला देवाचा कोप मानत. तेथील हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतल्या एका वैद्याने या समजुतीविरुद्ध एक ग्रंथच लिहिला. त्यात त्याने पुरावा आणला तो बकऱ्यांचा. बकऱ्यांनाही हा रोग होतो. अशा बकऱ्याचे डोके उघडून पाहा, मेंदू पाण्याने भरलेला दिसेल. मग हा देवाचा कोप कसा, तो तर मेंदूचा रोग, असा त्याचा युक्तिवाद होता. विचार करा, किती साधा आणि बिनतोड! माणसाला भूत झपाटते असे घटकाभर धरून चालू. पण बकऱ्याला आणि कुत्र्याला कशासाठी झपाटेल? जो आजार जनावरालाही तसाच होतो, त्याचे मूळ शरीरातच शोधले पाहिजे.

पुढचा मोठा पुरावा कुत्र्यांनीच दिला. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा डॉक्टरांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाचा स्पर्श केला. ठराविक जागी स्पर्श केला की शरीराच्या विरुद्ध बाजूचा ठराविक पाय हलला. प्रवाह वाढवला तेव्हा कुत्र्याला आकडीच आली. आज असे प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण मेंदूतील विजेचा आणि आकडीचा संबंध त्यातून उघड झाला. १८७३ साली इंग्लंडमधील जॅक्सन या डॉक्टरांनी आकडी म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक आणि प्रमाणाबाहेर होणारा ऊर्जेचा निचरा, अशी व्याख्या मांडली. १९२९ साली जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. तोच आज दवाखान्यात काढतात तो ई. ई. जी.

कुत्र्याला आकडी का येते?

काही कुत्र्यांत तपासणी करूनही मेंदूत कोणताही दोष सापडत नाही. हा बहुधा आनुवंशिक अपस्मार असतो. तो साधारणपणे सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, बीगल अशा काही जातींत तो जास्त आढळतो.

बाकीची कारणे शोधून काढता येतात. डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग हे त्यांतले महत्त्वाचे. पिल्लाला वेळेवर लस दिली तर तो टळतो. उंदरांचे विष, शेतातली कीटकनाशके, डोक्याला लागलेला मार, यकृताचा आजार, लहान पिल्लाच्या रक्तातील साखर कमी होणे, यांमुळेही आकडी येते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे एक कारण म्हणजे समुद्राचे पाणी. उन्हात खेळून तहानलेला कुत्रा लाटांचे पाणी लपालपा पिऊ लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात गेले आणि गोडे पाणी मिळाले नाही, तर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. आता गणित तुम्हीच करा. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला किती समुद्राचे पाणी पुरेल? एक लिटरही लागत नाही.

मीठ मेंदूला काय करते हे घरी पाहता येईल.

करून पाहा : बटाट्याच्या सारख्या जाडीच्या दोन चकत्या कापा. एक चकती साध्या पाण्यात आणि दुसरी तीन-चार चमचे मीठ विरघळवलेल्या पेलाभर पाण्यात ठेवा. दोन तासांनी दोन्ही वाकवून पाहा. साध्या पाण्यातली चकती कडक राहिलेली असेल, खारट पाण्यातली लुळी पडलेली असेल. बाहेर मीठ जास्त असल्याने पेशींतले पाणी बाहेर ओढले गेले. या क्रियेला परासरण म्हणतात. पेण-उरणकडच्या मिठागरांजवळ किंवा समुद्रावर खारे पाणी पोटभर प्यालेल्या कुत्र्याच्या रक्तात मीठ वाढते आणि त्याच्या मेंदूतील पेशींचेही पाणी असेच ओढले जाते. आकसलेल्या पेशी बिथरतात आणि आकडी येते. अशा कुत्र्याला भसाभस पाणी पाजणेही धोक्याचे असते, कारण पाणी उलट्या दिशेने वेगाने शिरून मेंदूला सूज येते. त्याला पशुवैद्यांकडे नेणे हाच उपाय. त्याहून सोपा उपाय म्हणजे समुद्रावर नेताना गोड्या पाण्याची बाटली सोबत ठेवणे.

पिसाळलेला की आकडी आलेला?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि येथे धाडस करायचे नाही. अपस्माराची आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत संपते आणि काही वेळाने कुत्रा पूर्वीसारखा होतो. रेबीज झालेला कुत्रा सुधारत नाही. त्याचे वागणे बदलते, आवाज बदलतो, गिळता न आल्याने लाळ गळते, पाय लुळे पडतात आणि काही दिवसांत तो मरतो. मात्र रेबीजमध्येही झटके येऊ शकतात. म्हणून अनोळखी कुत्रा झटके देत असेल, तर दूर उभे राहा, लहान मुलांना मागे घ्या आणि मोठ्या माणसांना सांगून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. हात लावायचा नाही, तसाच दगडही मारायचा नाही.

कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. कुत्रा कसा होतो ते पाहू, म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही.

घरच्या कुत्र्याला आकडी आली तर

घाबरू नका. जवळचे खुर्ची-टेबल बाजूला सारा. जिन्यापासून आणि विहिरीपासून त्याला दूर ठेवा. तोंडाजवळ हात नेऊ नका. कुत्रा जीभ गिळत नाही. पण शुद्धीत नसताना तुमच्या बोटाला चावू शकतो. पाणी पाजू नका. दिवा मंद करा, गोंगाट थांबवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घड्याळ पाहा. भ्यालेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करा. पशुवैद्यांना त्याचा फार उपयोग होतो. आकडी पाच मिनिटांहून लांबली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर तो आणीबाणीचा प्रसंग समजून ताबडतोब दवाखाना गाठा.

अपस्मारावरची औषधेही माणसाची आणि कुत्र्याची पुष्कळशी एकच आहेत. पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग इंग्लंडमध्ये १८५७ सालापासून माणसांवर होऊ लागला. फेनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून वापरात आहे. कुत्र्यांना ही दोन्ही औषधे आजही देतात. पुष्कळ कुत्र्यांच्या आकड्या त्यांनी कमी होतात, काहींच्या थांबतात. डोस मात्र पशुवैद्यच ठरवणार, कारण कुत्र्याचे शरीर औषध वेगळ्या वेगाने जिरवते. आणि औषध एकाएकी बंद करायचे नाही. तसे केल्यास आधीपेक्षा मोठी आकडी येऊ शकते.

आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांशी नाते सांगणारा एक प्रयोग सांगतो. नारळाच्या तेलात काही मध्यम लांबीच्या साखळीचे मेदाम्ल असतात. अशा मेदांचा आहार लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी अपस्मार असलेल्या २१ कुत्र्यांना औषधांच्या जोडीला देऊन पाहिला. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुष्कळ कुत्र्यांच्या आकड्या कमी झाल्या, तर काहींत फरक पडला नाही. म्हणून लगेच कुत्र्याला वाटीभर खोबरेल पाजायला धावू नका! तो आहार मोजून-मापून बनवलेला होता.

कुत्रा मदतीला येतो

आतापर्यंत आजारी कुत्रा पाहिला. आता आजारी माणसाला मदत करणारा कुत्रा पाहू. ब्रिटन, अमेरिका अशा देशांत काही कुत्र्यांना यासाठी खास शिकवतात. मालकाला आकडी आली की भुंकून घरच्यांना बोलवायचे, त्याच्या शेजारी बसून राहायचे, धोक्याची घंटा पायाने दाबायची, ही कामे कुत्रा शिकू शकतो. यात गूढ काही नाही.

काही कुत्री आकडी येण्याआधीच अस्वस्थ होऊन इशारा देतात, असे मालक सांगत आले आहेत. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १९९० नंतरच्या दशकात अशा कुत्र्यांना शिकवण्याचे प्रयत्न झाले. पण कुत्र्याला कळते कशावरून? संशय होता नाकावर. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी अंदाजे ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या घरात.

२०१९ साली फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. अपस्माराच्या रुग्णांच्या श्वासाचे व घामाचे नमुने तीन वेळी घेतले : आकडीच्या वेळी, व्यायामानंतर आणि विश्रांतीत. ते डब्यांत ठेवून पाच प्रशिक्षित कुत्र्यांना हुंगायला दिले. रुग्ण त्यांच्या ओळखीचे नव्हते. तिघांनी आकडीच्या वेळचा नमुना दर वेळी बरोबर ओळखला, दोघांनी तीनांपैकी दोनदा. व्यायामानंतरचा नमुना का घेतला, सांगा पाहू? कुत्रा नुसता घाम ओळखतो की आकडीचाच गंध, हे ठरवण्यासाठी. २०२१ साली उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे, काहीही न शिकवलेल्या १९ पाळीव कुत्र्यांनीही आकडीशी निगडित गंध आल्यावर वेगळे वर्तन दाखवले.

म्हणजे आकडीला गंध असतो, याला चांगला आधार मिळाला. पण प्रत्येक कुत्रा आधीच इशारा देईल, असा त्याचा अर्थ नाही. २००७ साली अमेरिकेतील डॉक्टरांना असेही आढळले की, इशारा देणारे कुत्रे बाळगणाऱ्या काही जणांचे झटके ई. ई. जी.वर पाहता अपस्माराचे नव्हतेच. म्हणून कुत्रा हा सोबती. औषधाला पर्याय नव्हे.

आपल्यापुरते काय?

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. भारतातील संख्या एक कोटीहून अधिक मानली जाते. योग्य औषधे नियमित घेतली, तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक आकडीशिवाय जगू शकतात. तरीही भगताचा अंगारा, गळ्यात ताईत आणि दडवादडवी यांत वर्षे जातात. १९९९ पर्यंत आपल्या विवाहविषयक कायद्यांत अपस्माराचा उल्लेख वेडेपणाच्या जोडीने होता आणि त्या कारणाने विवाह रद्द होऊ शकत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्यातून शब्द गेला. लोकांच्या बोलण्यातून तो घालवण्याचे काम अजून शिल्लक आहे.

तुमच्यासमोर कोणाला आकडी आली तर हे करा :

१. घड्याळ पाहा.
२. डोक्याखाली घडी केलेला सदरा किंवा दप्तर ठेवा; गळ्याजवळचे बटण सैल करा.
३. झटके ओसरू लागताच हळूच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर जाईल.
४. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, औषध, काहीही घालू नका.
५. चप्पल, कांदा हुंगवू नका. हातात किल्ल्या देऊ नका. आकडी आपोआप थांबते आणि श्रेय मात्र चपलेला मिळते!
६. पाच मिनिटांत थांबली नाही, पुन्हा आली किंवा मार लागला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
७. शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबा. गर्दी हटवा. "बरं वाटतंय का?" एवढेच शांतपणे विचारा.

किनाऱ्यावरच्या मुलांसाठी आणखी एक. ज्याला आकड्या येतात त्या मित्राने समुद्रात, खाडीत किंवा विहिरीत एकट्याने उतरू नये. पाण्यातली दोन मिनिटे जमिनीवरच्या दोन मिनिटांसारखी नसतात. त्याला खेळातून वगळू नका. मोठ्यांच्या परवानगीने, पोहता येणारे मोठे माणूस सोबत घेऊनच पाण्यात उतरा.

विचार करा :

१. झटका दोन मिनिटांत आपोआप थांबतो, तर चप्पल हुंगवल्याने तो थांबला असे लोकांना का वाटते? खरे-खोटे ठरवण्यासाठी कोणती नोंद ठेवावी लागेल?
२. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे? त्याची वेळ आणि दूरध्वनी क्रमांक मिळवा आणि शाळेच्या फळ्यावर लिहा.